फळ्याचे भाडे

वर्गातला फळा शिक्षकाच्या मालकीचा कधीच नव्हता. तथापि तो एकदा भिंतीवर बसला की त्याचा कारखानदार दरमहा भाडे मागायला शाळेच्या दारात उभा राहत नसे, की मध्येच येऊन तो फळा काढूनही नेत नसे. अध्यापन संगणकाच्या पडद्यावर गेल्यापासून नेमके हेच घडू लागले आहे. वर्गणी वाढली, सवलत संपली, सेवा बंद झाली, अशा सूचना शिक्षकांच्या आता अंगवळणी पडल्या आहेत. हा केवळ दरवाढीचा प्रश्न नाही. अध्यापनाची साधने कोणाच्या हाती असावीत, हा मूळ प्रश्न आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली, तेव्हा तंत्रज्ञान-कंपन्यांनी आपली दारे उदारपणे उघडली. झूमने अनेक देशांतील शाळांसाठी विनामूल्य सभेवरील ४० मिनिटांची मर्यादा उठवली. गुगलने आपल्या सभामाध्यमातील एरवी सशुल्क असलेल्या सुविधा ३० सप्टेंबर २०२० पर्यंत खुल्या केल्या. शिक्षकांनी रात्री जागून नवे तंत्र आत्मसात केले. टिपणे, प्रश्नसंच, ध्वनिचित्रफिती तेथे साठवल्या. विद्यार्थ्यांनाही तीच सवय लावली. सवलतीची किंमत कंपन्यांना अशी वसूल झाली: सहजी दुसरीकडे जाऊ न शकणारा ग्राहक त्यांच्या हाती आला.

पुढचा क्रम अटळ होता. झूमची मर्यादा परतली आणि महाविद्यालयाचा ४८ मिनिटांचा तास ४० मिनिटांत तुटू लागला. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवणीची मुभा फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेण्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. लहान शाळेला एवढे पुरून उरेल. संशोधन आणि ध्वनिचित्रफिती साठवणाऱ्या मोठ्या विद्यापीठाला ते अपुरे पडू शकते. २००८ मध्ये सुरू झालेले आणि जगभरच्या शिक्षकांनी जवळ केलेले एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद पडले. गुगलचा जॅमबोर्ड हा फळा तर ३१ डिसेंबर २०२४ रोजी कायमचा पुसला गेला.

कंपन्यांच्या बाजूनेही एक म्हणणे आहे आणि ते टाळून चालणार नाही. विदा साठवणारी यंत्रे विजेवर चालतात, ती राखणाऱ्या तंत्रज्ञांना वेतन द्यावे लागते. फुकट असे काहीच नसते. हे मान्यच करावयास हवे. परंतु खर्च भरून काढणे वेगळे आणि ग्राहकाच्या अगतिकतेवर दर ठरवणे वेगळे. साधन बदलायचे तर पाच वर्षांचे काम पुन्हा करावे लागेल, ही भीती जितकी मोठी, तितके भाडे अधिक उकळता येते. अर्थशास्त्र याला मक्तेदारीचा खंड म्हणते. ज्या श्रमांमुळे हे साधन मोलाचे झाले, ते श्रम शिक्षकाचेच असतात, हे यातले मर्म होय.

महाराष्ट्राला हे नाते अपरिचित नाही. जमीन कसायची कुळाने आणि खंड न्यायचा मालकाने, या व्यवस्थेविरुद्ध १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. आजचा शिक्षक परक्याच्या जमिनीवर मळा फुलवतो. मालकाने कुंपण घातले की त्याला हाती येईल तेवढे पीक घेऊन निघावे लागते.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. श्रीमंत संस्था वर्गणी भरते. नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराची दखल घेतली जाते, म्हणून सर्वच संस्था शिक्षकांकडून या साधनांचा आग्रह धरतात. पण जेथे संस्था हात आखडते, तेथे खर्च शिक्षकाच्या खिशावर येतो. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुटीत वेतन नसलेल्या अध्यापकाने आपल्या कामाचे हत्यारही स्वतःच भाड्याने आणायचे, हा कोणता न्याय?

पर्याय नाहीत असे नाही. मार्टिन डुगियामस यांचे मूडल २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर म्हणून जगाला उपलब्ध आहे. ते संस्था आपल्या यंत्रावर चालवू शकते आणि कोणी ते परत मागू शकत नाही. केरळने आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. मुंबईच्या आयआयटीत याच दिशेने फॉसी हा प्रकल्प चालतो. मात्र मुक्त सॉफ्टवेअरलाही यंत्रे, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण लागते, म्हणजेच सार्वजनिक पैसा लागतो. शासनाकडे तो नाही, हे कारण टिकणारे नाही. संशोधनपत्रिकांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. एकेकट्या संस्थेऐवजी शासनाने सौदा करावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले; पण तीही अखेर वर्गणीच. मुदत संपताच सौदा पुन्हा करावा लागेल. हीच सामुदायिक शक्ती स्वतःच्या मालकीची साधने उभारण्यास का लावू नये?

शिक्षक-संघटनांच्या मागणीपत्रकांत वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतनाच्या शेजारी आता तीन कलमे यावयास हवीत. अध्यापनाच्या साधनांचा खर्च संस्थेने वा शासनाने उचलावा. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात अटी बदलता येणार नाहीत आणि शिक्षकाचे सर्व साहित्य वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळेल, एवढे लिहून घेतल्याविना कोणताही करार होऊ नये. आणि प्रत्येक विद्यापीठाने मुक्त सॉफ्टवेअरवर आधारित आपली व्यवस्था उभारून चालवावी. कार्यकर्त्यांनी ही कलमे आपापल्या तालुक्यातील शिक्षकांपर्यंत न्यावीत. कसणाऱ्याला जमीनही आपोआप मिळाली नव्हती. ती संघटित मागणीमुळे मिळाली.