आपल्याच क्लबात आपलीच रेकॉर्ड

क्लबमध्ये कोणाला वाजवायला बोलवायचं, कोणाला गर्दीची वेळ द्यायची आणि कोणाला रिकाम्या हॉलसमोर दहा वाजता उभं करायचं, हे ज्याच्या हातात असतं तो प्रमोटर. वीसेक वर्षं हे काम केल्यावर त्याने स्वतःच्या नावाने हाऊस म्युझिक काढावं का? कायद्याने आडकाठी नाही. आज तर लॅपटॉप असला की पुरे. तरीही असा कोणी पुढे आला की त्या वर्तुळात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, उभी हयात डान्सफ्लोअरच्या काठावर काढलेल्या माणसाला हे संगीत कळणार नाही तर कोणाला? दुसरा म्हणतो, वेळापत्रक ज्याच्या हाती, त्याने आपला माल त्यात घुसवू नये. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मात्र हा वाद तत्त्वावर घालण्यापेक्षा एका माणसाकडे पाहून घालावा.

तो माणूस म्हणजे मँचेस्टरचा माइक पिकरिंग. 21 मे 1982 रोजी तिथे हासिएंडा हा क्लब उघडला. फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि न्यू ऑर्डर या बँडच्या पैशांवर तो उभा होता, आणि तिथे कोण वाजवणार हे ठरवायचं काम पिकरिंगकडे होतं. पुढे शुक्रवारच्या ‘न्यूड’ या रात्रीला तो स्वतः डीजे म्हणूनही उभा राहू लागला आणि शिकागोहून येणाऱ्या हाऊसच्या रेकॉर्ड्स तिथे नेमाने वाजू लागल्या. 1987 मध्ये सायमन टॉपिंग आणि रिची क्लोज यांच्यासोबत त्याने टी-कॉय या नावाने ‘कारिनो’ काढली. लॅटिन तालवाद्यं, पियानो आणि खाली हाऊसचा ठोका. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या हाऊस रेकॉर्ड्समध्ये तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे बुकिंग करणारा, वाजवणारा आणि रेकॉर्ड काढणारा, तिन्ही एकच.

आपल्याकडे याचं नवल वाटायला नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा नाटकाचं मराठी रूप त्यांनीच लिहिलं होतं आणि मंडळीही त्यांचीच होती. कोणी हितसंबंधांचा प्रश्न काढला नाही, कारण नाटक पडलं असतं तर प्रेक्षक पुढच्या खेळाला फिरकलाच नसता. क्लबचं तसं नसतं. तिथे माणूस एका गाण्यासाठी येत नाही, रात्रीसाठी येतो. रात्र चांगली गेली की तिच्यातलं एक सुमार गाणं सहज खपून जातं, आणि सगळी गोम इथेच आहे.

आधी प्रमोटरच्या बाजूचं बोलू. त्याच्याकडे खरोखर एक ज्ञान असतं, आणि ते स्टुडिओत बसून मिळत नाही. डीजेचं लक्ष हातातल्या पुढच्या रेकॉर्डवर असतं. प्रमोटर मात्र दारापासून बारपर्यंत फिरत असतो. कुठलं गाणं लागल्यावर बारपाशी रांग वाढते, कुठलं लागल्यावर हातातला ग्लास तसाच टेबलावर ठेवून लोक पळतात, हे त्याने शेकडो रात्री पाहिलेलं असतं. हाऊसच्या ट्रॅकची सुरुवात बाहेरच्या माणसाला कंटाळवाणी वाटते: बत्तीस आवर्तनं नुसता ड्रम. मिनिटाला 122 च्या आसपास ठोके धरले तर हे साधारण मिनिटभर चालतं. पण एवढ्याच वेळात डीजे आधीच्या गाण्याशी वेग जुळवतो, त्याचा बास हळूहळू काढून घेतो आणि नव्याचा चढवतो. समोर नाचणाऱ्याला सांधा कळतही नाही. हे मिनिट कापून थेट गाण्यावर यायचा मोह नवख्याला होतो. क्लबमध्ये वर्षं काढलेल्याला सहसा होत नाही.

आता दुसरी बाजू, आणि तिच्यासाठी शिकागोला जावं लागेल. तिथल्या म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये रॉन हार्डी हा डीजे वाजवत असे. फ्यूचर या तिघांच्या गटाने त्याला एक टेप दिली. तीच पुढे 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ म्हणून ट्रॅक्स रेकॉर्ड्सने काढली. अकरा मिनिटांहून लांब, बासची सुरावट वाजवायच्या एका यंत्रातून पिळून काढलेला किरकिरा, वळवळता आवाज. सांगतात की हार्डीने ती पहिल्यांदा लावली तेव्हा फ्लोअर रिकामा झाला. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, आणखी एकदा लावली, आणि चौथ्या वेळी लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. अ‍ॅसिड हाऊसची ही जन्मकथा कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक रास्तही आहे. फक्त एक गोष्ट नजरेआड होते. ती टेप हार्डीची नव्हती. दुसऱ्या कोणाच्या कामासाठी फ्लोअर चारदा पणाला लावणं ही जाण. तोच हट्ट स्वतःच्या रेकॉर्डसाठी केला असता तर? लोक चौथ्या वेळी तरीही नाचले असते, आणि ते गाण्यामुळे नाचले की सवयीमुळे, हे हार्डीलाही सांगता आलं नसतं.

त्याच शहरातलं ‘युअर लव्ह’ हे गाणं यापुढचा धोका दाखवतं. गाणं मुळात जेमी प्रिन्सिपलचं. डीजे फ्रँकी नकल्सने ते टेपवरून क्लबमध्ये वाजवून वाजवून लोकांच्या अंगात भिनवलं. 1983 पासून पॉवर प्लांट हा क्लब नकल्सचा स्वतःचाच होता. 1987 मध्ये ट्रॅक्सची आवृत्ती बाहेर पडली तेव्हा तिच्यावर नाव नकल्सचं होतं. तो दोष लेबलचा, हे मान्य. नकल्सचं त्या गाण्यातलं कामही मोठं आहे. पण फ्लोअर ज्याचा, त्याच्याच नावाकडे श्रेय आपसूक घरंगळत जातं, हे त्यातून दिसतं. आणि प्रमोटर बहुधा एकटा बसून ट्रॅक करत नाही. त्याला यंत्रं हाताळणारा, बहुतेक वेळा त्याच्याहून तरुण, कोणीतरी लागतो. त्या पोराचं नाव रेकॉर्डवर किती मोठ्या अक्षरात छापलंय, ते गाणं ऐकायच्या आधी पाहावं.

या बाबतीत पिकरिंगही पुरता सुटत नाही. 1988 मध्ये डीकन्स्ट्रक्शन या लेबलवर ‘नॉर्थ’ नावाचं संकलन आलं. उत्तर इंग्लंडमधल्या नव्या हाऊसची झलक, असा त्याचा थाट. वेगवेगळ्या नावांखालच्या त्यातल्या बऱ्याच ट्रॅक्समागे पिकरिंग आणि टॉपिंग हीच जोडी होती. याला फसवणूक म्हणावं का? माझ्या मते नाही, पण शेखी नक्कीच म्हणावं. चळवळ अजून पुरती उभी राहिलेली नसताना ती उभी आहे असं दाखवलं, की कधीकधी ती खरोखर उभी राहते, मँचेस्टरमध्ये राहिलीही. गंमत अशी की त्या संकलनातली ‘व्हूडू रे’ ही रेकॉर्ड या जोडीची नाही. ती अ गाय कॉल्ड जेराल्ड या मँचेस्टरच्याच तरुणाची, आणि आज त्या संकलनातली सगळ्यात जास्त ऐकली जाते ती हीच. प्रमोटरच्या कानाला मी इथे पूर्ण गुण देईन, कारण आपल्या ट्रॅक्सच्या पंक्तीला त्याने आपल्याहून वरचढ माणूस बसू दिला.

पिकरिंगच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हासिएंडा फॅक्टरीचा होता, पण ‘कारिनो’ फॅक्टरीने काढली नाही. ती डीकन्स्ट्रक्शनने काढली. त्या लेबलशी पिकरिंगचे संबंध जवळचे होते, तरी क्लब आणि लेबल यांची तिजोरी एक नव्हती. शिवाय तो क्लबचा मालकही नव्हता. त्याला ‘पुरे आता’ म्हणू शकेल असं कोणीतरी वर बसलेलं होतं. क्लब, लेबल, बुकिंग आणि नाव हे चारही एकाच माणसाचं असतं तेव्हा ते म्हणणारा उरत नाही.

त्याचा पुढचा बँड एम पीपल. ‘एलिगंट स्लमिंग’ या अल्बमला 1994 चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं, ब्लरचा ‘पार्कलाइफ’ शर्यतीत असताना. समीक्षकांनी नाकं मुरडली. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. गर्दीला काय आवडतं हे ज्याला नेमकं ठाऊक, तो गर्दीला आवडलेलंच पुन्हा करतो. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ची मागणी कुठल्याही गर्दीने केली नव्हती. तरीही एम पीपलची गायिका हेदर स्मॉल हिचा आवाज आणि ते पियानो ज्यांनी ऐकलेत ते त्या संगीताला नुसता धंदा म्हणणार नाहीत.

मुंबई, पुणे किंवा गोव्यातल्या क्लबांना हा प्रश्न लांबचा वाटू नये. कँडोलिमला 2007 मध्ये सनबर्न हा महोत्सव सुरू झाला तेव्हापासून श्रोते वाढले, तरी हाऊसचं वर्तुळ लहानच आहे. प्रमोटर, डीजे आणि निर्माता वेगवेगळे हवेत ही चैन त्याला परवडत नाही. त्यातून आता रेकॉर्डवर पोट भरत नाही. स्ट्रीमिंगचे पैसे नगण्य, त्यामुळे ट्रॅक म्हणजे पुढचं बुकिंग मिळवायचं साधन. मग ‘तू मला तुझ्याकडे वाजव, मी तुला माझ्याकडे’ असा व्यवहार सुरू होतो. यात कोणाचे खिसे कापले जात नाहीत, पण ज्याच्याकडे देवघेवीला स्वतःचा क्लब नाही अशा विशीतल्या पोराची पाळी येतच नाही. जुन्या प्रमोटरच्या रेकॉर्डवर माझा खरा आक्षेप एवढाच.

म्हणून काढू नये, असं मी म्हणणार नाही. काढावी, आणि आपल्याच क्लबात पहिल्यांदा वाजवू नये. व्हाइट लेबलची जुनी रीत त्यासाठी चांगली होती: बारा इंची रेकॉर्ड, मधला कागद कोरा, फार तर पेनाने खरडलेला एखादा आकडा. आज त्याच्या जागी नाव नसलेली फाइल पाठवता येते. ती अशा डीजेला पाठवावी ज्याला आपल्याकडून बुकिंगची अपेक्षा नाही, बंगळुरूच्या किंवा बर्लिनच्या. त्याने ती दोनदा वाजवली, तर मग खुशाल आपल्या शनिवारच्या रात्री लावावी, एक वाजता, भर गर्दीत.