एका अंशाचा पीळ

अतिपातळ स्फटिकाचे दोन थर परस्परांवर किंचित पिळून ठेवले असता, विशिष्ट कोनात इलेक्ट्रॉन मंदावतात. त्यांचे आपसांतील प्रतिकर्षण प्रबळ होऊन ते समूहाने वागू लागतात. ग्राफीनमधील या मंदगतीचे गणित टेक्सास विद्यापीठातील बिस्ट्रिट्झर व मॅक्डोनाल्ड यांनी २०११ मध्ये मांडले. सुमारे १.१ अंशाच्या पिळातील अतिसंवाहकता प्रयोगाने दिसण्यास २०१८ उजाडले. पुढे २०२३ मध्ये मॉलिब्डेनम टेल्युराइड या अर्धवाहकात, बाह्य चुंबकीय क्षेत्रावाचून, हॉल वाहकतेची अपूर्णांकी मूल्ये आढळली. संशोधनाचा हिशेब दरवर्षी मागणाऱ्या शासनांनी ही सात वर्षे ध्यानात घ्यावीत. २०११ च्या ताळेबंदात त्या गणिताची किंमत शून्यच ठरली असती.