गुणपत्रिका जे सांगत नाही

वैद्यकीय प्रवेश निव्वळ ‘नीट’च्या गुणांवर दिले की सर्वांना समान न्याय मिळाला, असे मानले जाते. पण लातूरला दोन वर्षे महागडी शिकवणी लावणारा मुलगा आणि गडचिरोलीच्या आश्रमशाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची वाट पाहणारी मुलगी यांच्या गुणांतला फरक बुद्धीचा किती नि संधीचा किती? तमिळनाडूने हे ओळखून २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या ‘नीट’-उत्तीर्ण मुलांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. आरक्षण आहेच, हे खरे; पण एकाच प्रवर्गातही शहरी शिकवणीपुढे ही मुलगी मागेच पडते. गुणांपलीकडे पाहण्यासाठी मुलाखती आल्या की वशिला येईल, ही भीतीही रास्त आहे, म्हणून मुलाखती नकोतच. शाळा नि जिल्हा मात्र कागदावर सिद्ध होतात. जेएनयूने मागास जिल्ह्यांतील अर्जदारांना जादा गुण दिलेही होते. महाराष्ट्राने असे गुण द्यावेत.