वाटून घ्यायचं, पण कुणाच्या नावावरचं?

आपत्तीत माणसं हलवायला आता ‘सहभागी अर्थव्यवस्था’ उपयोगी पडेल, असं परवा एका बैठकीत ऐकलं. ज्याची गाडी त्यानं गाडी द्यावी, ज्याची खोली त्यानं खोली. मोबाइलवर जोडून देऊ. कल्पना वाईट नाही. २०१२ साली न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं, तेव्हा एअरबीएनबीवरच्या घरमालकांनी बेघरांना फुकट आसरा दिला. पण त्याच वादळात उबरचं भाडं चढलं. आणीबाणीत त्यावर मर्यादा घालायला तिथे २०१४ उजाडलं.

मैत्रिणींनो, माझा सवाल वेगळा आहे. वाटायला आधी आपल्या नावावर काही लागतं. गाडी नवऱ्याची, घर सासऱ्याचं, मोबाइल मुलाच्या खिशात. मग नोंद कोण करणार? आणि रात्री पोरीबाळींना घेऊन अनोळखी घरात जायचं, तर हमी कुणाची?

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला खचाखच भरलेली नाव उलटली. बाया-पोरं बुडाली. गावाकडे होतं ते गावानं वापरलं; बाहेरून वेळेवर यायला हवं होतं, ते आलं नाही.

म्हणून मागणी करूया : नावा, गाड्या, घरांची यादी पावसाआधी ग्रामसभेत, बायांच्या हातानं व्हावी. एकट्या, म्हाताऱ्या, गरोदर बाया पहिल्या फेरीत. भाडं शासनाचं. शेजारधर्म आपण पाळतोच; त्याच्या आडोशाला शासनानं लपू नये!