पुण्याच्या धुराचा हिशेब

पुण्याची हवा बिघडविण्यात वाहनांचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर अहवालागणिक बदलते. ते का बदलते, हे नागरिकांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

गणित दिसावयास सोपे आहे. वाहनांची संख्या, प्रत्येकाचा वर्षाचा प्रवास आणि दर किलोमीटरला बाहेर पडणारे प्रदूषक यांचा गुणाकार शाळकरी मुलासही साधेल. अडचण गुणाकारात नसून त्या तीन आकड्यांत आहे.

परिवहन कार्यालयाच्या दप्तरी वाहनाचा जन्म टिपला जातो, मृत्यू क्वचितच. दुचाकीचा कर एकदाच भरलेला असतो. ती भंगारात गेल्यावर कळविण्यास कोण धावणार? उलट मुंबई-बंगळूर महामार्गावरून धूर सोडीत जाणाऱ्या परराज्यांतील मालमोटारी या दप्तरात नाहीतच. दर किलोमीटरचा आकडा प्रयोगशाळेत, ठरवून दिलेल्या वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. सायंकाळी सिंहगड रस्त्यावर अडकलेल्या जुन्या गाडीस तो कसा लागू पडावा? १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष आले, ही सुधारणा मोठीच. परंतु ती नव्या गाड्यांपुरती. पीयूसी चाचणी तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडे पाहातच नाही.

आणि चाकांखालून उधळणारी धूळ? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ज्या सहा शहरांची पाहणी केली, त्यांत पुणे होते. तीत रस्त्यावरील धुळीचा वाटा ठळकपणे दिसला. ही धूळ वाहनांच्या खाती मांडावयाची की रस्त्यांच्या? खाते बदलले की टक्केवारी बदलते. (जो तो आपल्या सोयीचे खाते उघडतो, हे सांगावयास नकोच.)

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. वेग वाढला की दर किलोमीटरचा धूर घटतो, एवढाच हिशेब केला तर उड्डाणपूल जिंकतो. पुलामुळे किलोमीटरच किती वाढले हेही मोजले, तर कदाचित बसगाडी जिंकेल. म्हणून तिन्हींत प्रवासाचा आकडा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कच्चा असतो. धूर-तपासणीच्या वेळी मीटरवरील किलोमीटर टिपावेत व शहरातील पंपांवर खपलेल्या इंधनाशी त्यांचा मेळ घालून पाहावा. यास फारसा खर्च नाही. मोटारींचा धूर मोजणारी एआरएआय आणि हवामानाचा अभ्यास करणारी उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, दोन्ही याच शहरात आहेत. महापालिकेने त्यांचे साहाय्य घ्यावे, आणि पुढील पर्यावरण सद्यस्थिती अहवालात टक्केवारीशेजारी ती कशी काढली व तीत चुकीला वाव किती, हेही छापावे, अशी आमची मागणी आहे.