श्वासयंत्र आणि शिक्षित हात

माहूरच्या डोंगराळ मुलखातील अत्यवस्थ रुग्णास नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठण्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. अशा दूरच्या भागात श्वासयंत्राचा प्रश्न केवळ खरेदीच्या मंजुरीने सुटणारा नाही. दाबनियंत्रित पद्धतीत यंत्र हवेचा दाब ठरावीक मर्यादेत राखते खरे, परंतु त्या दाबाने किती हवा आत शिरेल हे फुप्फुसाच्या लवचिकतेवर अवलंबून असल्याने, फुप्फुस ताठरले अथवा नळीत कफ साचला की दाब तोच राहूनही श्वास उणा पडतो, आणि ते तत्काळ ओळखणारी नजर उशाशी अहोरात्र लागते. उलटपक्षी, अतिरेकी ताणाने फुप्फुसास इजा होते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वासाचे आकारमान दर किलोस १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवताच मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

२०२१ साली औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयास केंद्राकडून मिळालेल्या १५० श्वासयंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ सदोष आढळल्याची बाब उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आली, तेव्हा केंद्राच्या प्रतिज्ञापत्राने दोषाचा रोख वापराच्या रीतीकडे वळविला. या वादात रुग्णाचे हित कोणत्याच बाजूने साधत नाही. सबब, यंत्राच्या प्रत्येक खरेदीसोबत प्रशिक्षित परिचारिका, देखभालीचा तंत्रज्ञ, अखंड वीज व प्राणवायू यांची तरतूद बंधनकारक करावी, आणि तिचा आरंभ माहूर-किनवटसारख्या दूरस्थ तालुक्यांपासून करावा, अशी आमची शासनास आग्रहाची विनंती आहे.