मोर्चाला हजारो, कोर्टाच्या बाकावर कोण?



२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले आणि तिथली रेल्वे वाहतूक कित्येक तास ठप्प झाली. शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी वेळ लावला, हा त्यामागचा संताप रास्तच होता. पण गुन्हा नोंदला गेला, कॅमेरे निघून गेले, की अशा कोणत्याही मुलाच्या वाट्याला जे येते तिथवर घोषणा पोहोचत नाहीत. जबाब, वैद्यकीय तपासणी, मग तारखांवर तारखा आणि एक दिवस साक्ष. या सगळ्यात मुलाच्या सोबत राहणाऱ्या माणसाची तरतूद कायद्यात आहे. फाशीची मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांना ती माहीत असेल, याची शंकाच आहे.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलाला ‘सपोर्ट पर्सन’ देऊ शकते. तपासापासून खटला संपेपर्यंत त्याने मुलाला आणि घरच्यांना धीर द्यायचा, प्रकरण कुठवर आले ते सांगायचे, जे कळेल ते गुप्त ठेवायचे. नियमांतली एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. हा माणूस नको, असे मुलाने सांगितले तर त्याला कारण विचारायचे नाही.

प्रत्यक्षात हे काम कसे असते? समजा, तालुक्याच्या गावाहून सकाळच्या एसटीने आलेली आई आणि नऊ वर्षांची मुलगी जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात बसली आहेत. आईचा रोज बुडाला आहे, मुलीची शाळा. चार हातांवर आरोपीचे नातेवाईक. त्यांतला एक जण येऊन हळूच म्हणतो, ‘वहिनी, पोरीच्या लग्नाचा विचार करा, मिटवून टाका.’ दुपारी तीनला कळते की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या. आता हेच चित्र सपोर्ट पर्सनसह पाहा. त्याने आदल्या संध्याकाळीच सरकारी वकिलांना फोन करून प्रकरण बोर्डावर आहे का, चालणार का, हे विचारलेले असते. साक्षीच्या आधी मुलीला रिकामे कोर्ट दाखवलेले असते. न्यायाधीश कुठे बसतात, ती कुठे बसणार, आरोपी तिला दिसू नये म्हणून काय सोय आहे, हे तिने पाहिलेले असते. व्हरांड्याऐवजी वेगळी खोली मिळावी, उलटतपासात मध्ये विश्रांती मिळावी, हे त्याने वकिलांच्या कानावर घातलेले असते. अंतरिम भरपाईचा अर्ज केला का, हेही तोच विचारतो. यातल्या कशालाही काळा कोट लागत नाही, लागतो तो वेळ आणि चिकाटी.

यंत्रणा आपणहून हे करेल, ही आशा भाबडी आहे. आरोपीच्या जामिनाची सुनावणी आहे, हेसुद्धा मुलाच्या कुटुंबाला कळवले जात नाही, म्हणून एका सामाजिक कार्यकर्त्याला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. कळवण्याचे बंधन कायद्यात आधीपासून होते. तरी ते पाळा, हे न्यायालयाला एप्रिल २०२१ मध्ये बजावावे लागले. त्यानंतर उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तिथे अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीवर पोलीस ठाण्याच्या प्रमुखानेच अत्याचार केल्याचा आरोप होता. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या त्या याचिकेवर १८ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की सपोर्ट पर्सनची गरज आहे की नाही, हे पालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. बिथरलेल्या आईबापांना काय मागायचे हेच ठाऊक नसते.

कोर्टात मुलाच्या बाजूने कोण उभे राहणार, हा प्रश्न अमेरिकेत वेगळ्या दिशेने सुटला. सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांच्यापुढे १९७० च्या दशकात मारहाण झालेल्या, टाकून दिलेल्या मुलांची प्रकरणे येत. मूल आईबापांकडे परत पाठवायचे की नाही, हे अपुऱ्या माहितीवर ठरवावे लागते, ही बोच त्यांना होती. त्यांनी थेट सामान्य नागरिकांना हाक दिली. १९७७ मध्ये सुरू झालेला तो उपक्रम आज ‘कासा’ या नावाने देशभर पसरला आहे. स्वयंसेवकाला साधारण ३० तासांचे प्रशिक्षण मिळते आणि एका वेळी एक-दोनच प्रकरणे दिली जातात. तो शाळेत जातो, घरी जातो, मुलाशी बोलतो आणि न्यायाधीशांना लेखी अहवाल देतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, याच्याकडे एखाद-दुसरेच मूल. योजनेचे सारे बळ यात आहे.

आपल्याकडची भूमिका अर्थातच निराळी आहे. आपला सपोर्ट पर्सन फौजदारी खटल्यात सोबत करतो, मूल कुठे राहावे ते बाल कल्याण समिती ठरवते. पण एका माणसाकडे एखाद-दुसरेच मूल, हे तत्त्व उचलायला काय हरकत आहे?

हरकत घेणारे म्हणतील, हौशी लोकांना कोर्टात आणू नका. या आक्षेपात तथ्य आहे. कळवळ्याच्या भरात कोणी मुलाला ‘असे सांग, तसे सांग’ म्हणाले, की बचावाचे वकील ‘साक्षीदार पढवलेला आहे’ म्हणणारच, आणि खटला तिथेच ढासळू शकतो. मुलाचा फोटो किंवा शाळेचे नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारा समाजसेवक तर आरोपीइतकाच नकोसा. ओळख उघड करणे गुन्हाच आहे. म्हणूनच पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण आणि देखरेख याला पर्याय नाही. शिवाय हे काम फुकटात उरकावे, असे कायदाही म्हणत नाही. नियमांप्रमाणे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. ज्याला ते नको असेल, त्याने घेऊ नये.

सपोर्ट पर्सनसाठी किमान पदवी आणि बालमानसशास्त्र, समाजकार्य किंवा बालकल्याण अशा क्षेत्रातला अनुभव असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुचवले. निवृत्त समुपदेशक आणि समाजकार्याचे पदवीधर यात सरळ बसतात. मुलांमध्ये आयुष्य घालवलेल्या शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका यांचा अनुभवही यात धरायला हवा. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांतली बरीच साठीनंतर ‘काहीतरी करावे’ म्हणत असतात.

महिला व बालविकास विभागाने प्रत्येक जिल्ह्यात सपोर्ट पर्सनच्या नोंदवहीसाठी जाहीर अर्ज मागवावेत आणि प्रशिक्षणाच्या तारखा वर्तमानपत्रात द्याव्यात. वाचकांनी मात्र त्या जाहिरातीची वाट पाहू नये. नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षात असते. तिथे जाऊन नाव नोंदवण्याची चौकशी करावी, किंवा बालहक्कांवर काम करणाऱ्या जवळच्या संस्थेत सामील व्हावे, कारण नियमांनुसार अशा संस्थेलाही सपोर्ट पर्सन म्हणून नेमता येते.

— एक वाचक, ठाणे